जळोचीतली वाकड्या आरशांची बाग

जळोचीच्या त्या कॉलनीत जोतीआबांनी आरशांची बाग केली ती निव्वळ हौसेपायी, असं अजून पुष्कळ लोक समजतात. समजू द्या. रिटायर झालेला माणूस काहीतरी खूळ काढणार, अशी लोकांनी मनाची तयारी केलेलीच असते. कुणी पेटी शिकतो, कुणी होमिओपॅथीच्या गोळ्या वाटतो, कुणी भल्या पहाटे दोनशे लोकांना गुलाबाची फुलं मोबाईलवर पाठवून त्यांचा जीव खातो. मग एकतीस वर्षं एसटीचं स्टिअरिंग धरलेल्या माणसानं आरसे जमवले तर बिघडलं कुठं? आबा स्वतःच म्हणायचे, "फुडचं समदेच बघत्यात. मागचं बघतो त्यो खरा डायव्हर."

खरं कारण मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. ते घरात होतं, आणि घराबाहेर पडायला तयार नव्हतं.

मागच्या मृगाच्या सुमारास आबांच्या मंडळींच्या, नकोशीबाईंच्या, तोंडावरून वारं गेलं. सकाळी चूळ भरायला गेल्या आणि पाणी ओठातून आपलं आपण गळायला लागलं. दवाखाना झाला, गोळ्या झाल्या, फुगे फुगवण्याचा व्यायाम झाला, आणि देवाच्या दयेनं बरंचसं भरून आलं. बोलणं सुधारलं, डोळा मिटायला लागला. डाव्या ओठाचा कोपरा तेवढा किंचित खाली राहिला. किंचित म्हणजे किती, तर भिंतीवरचा फोटो पुसल्यावर एका बाजूला कलतो ना, तेवढा. पण बाईंनी घरातल्या आरशावर एक हिरवा टॉवेल टाकला, तो सात महिने झाले तरी काढला नव्हता. दारात उभं राहणं बंद, देवळात जाणं बंद, शेजारी वाटीभर साखर मागणंसुद्धा बंद. मुलगा सूरज नोकरीनिमित्त गुजरातेत. दवाखान्याच्या वेळी एकटाच धावत येऊन गेलेला. त्याचा व्हिडिओ कॉल आला की बाई फोन आडवा मांडीवर ठेवायच्या आणि बोलायच्या. त्याची साडेतीन वर्षांची छकुली सात महिने आजीचा आवाज ऐकत होती आणि छताचा पंखा बघत होती. एके दिवशी तिनं विचारलं, "पंखाआजी, जेवलीस का?"

सूरज हसला, सूनबाई हसली. नकोशीबाईही खुदकन हसल्या, पण आबा त्याच खोलीत होते. हसताना बाईंनी पदर तोंडात धरला आणि भिंतीकडं वळल्या, हे त्यांनी पाहिलं. आबांना त्या दिवशी भाकरी गेली नाही.

आता या नावाचंही सांगून टाकलं पाहिजे. वरकुट्याच्या माळावर मेंढरं वळणाऱ्या बापाला चौथीही मुलगीच झाली, तेव्हा पाचवी नको म्हणून हिचं नाव ठेवलं नकोशी. लग्न झालं त्याच दिवशी आबांनी त्या नावातला 'न' फाट्यावर उतरवून दिला आणि कोशी म्हणायला लागले. चाळीस वर्षांत तो 'न' काही परत गाडीत चढला नाही. आणि आता ही बाई स्वतःच स्वतःला नकोशी झालेली बघायची, म्हणजे काय?

तेव्हा आबांना जत्रा आठवली. लग्नाच्या पहिल्या वर्षी दोघं जत्रेला गेले होते. तिथं एका कनातीत वाकडे आरसे. एकात कोशी रांजणाएवढी, दुसऱ्यात आबांची मान शेवग्याच्या शेंगेसारखी आणि पाय वीतभर. कोशी अशी हसली, अशी हसली, की बाईमाणसाला काही झालं की काय म्हणून कनातवाला आत डोकावला. आबांनी विचार केला, सगळ्यांचीच तोंडं वाकडी दिसायला लागली, तर हिला एकटीला वाटायचं नाही. बाहेर येईल, बघेल, हसेल. एवढा साधा बेत. पण बेत जितका साधा तितकी फजिती मोठी, हा नियम आबांना एसटीत कुणी शिकवला नव्हता.

कॉलनीत मधोमध मोकळी जागा होती, बरोबर आबांच्या खिडकीसमोर. सेक्रेटरी अनितामॅडम. त्या शाळेत गणित शिकवायच्या आणि घरीही त्याच आवाजात बोलायच्या. म्हणाल्या, "कल्पना चांगली आहे आबा. फक्त लेखी परवानगी आणा."

आबा एका ऑफिसात गेले. कुठल्या ते विचारू नका, टेबलं सगळीकडं सारखीच असतात. टेबलामागच्या साहेबांनी अर्ज वाचला, उलटा करून वाचला, आणि म्हणाले, "विषय काय लिहू?"

"आरसं."

"आरसं असा विषय न्हाय. झाड, बाकडं, फलक, पुतळा. ह्यातलं सांगा."

"साहेब, त्यो आरसा हाय."

"आसू द्या की. त्यात जाहिरात दिसती का?"

"न्हाय."

"मग फलक न्हाय. काय दिसतं?"

"माणूस दिसतो."

"मग पुतळा." साहेबांनी पेन उचललं. "कुणाचा?"

"जो म्होरं हुबा ऱ्हाईल त्याचा."

साहेबांचं पेन थांबलं. "म्हंजे हयात व्यक्तीचा?"

"चालत आलाय म्हंजे हयातच असंल की."

"हयात व्यक्तीचा पुतळा बसत न्हाय, आबा. तसा नियमच हाय."

तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला साहेबांनाच दया आली आणि त्यांनी तोड काढली. कागदावर चढलं, 'बाकडी, नग चार, चकचकीत.' आबा कागद घेऊन आले, तर अनितामॅडमनी चष्मा लावून विचारलं, "यात बसायचं कुठं?" शेवटी परवानगीची लाज राखायला आबांनी एक सिमेंटचं बाकडं आणून ठेवलं. पुढं तेच त्यांच्या उपयोगी पडलं, पण ते पुढं.

काम दिलं रतनला. रतन वेल्डर. माणूस सोन्यासारखा, पण उभ्या आयुष्यात त्यानं फाटकं सोडून काही केलं नव्हतं. भंगारातून ट्रकचे, ट्रॅक्टरचे, जुन्या एसट्यांचे चाळीस आरसे गोळा झाले. रतननं लोखंडी पाइपाला फांद्या काढून त्यांचं झाड केलं. स्टीलचे दोन पत्रे वाकवले. एकात माणूस पोतं व्हायचा, दुसऱ्यात ऊस. पाण्याच्या जाड पाइपाच्या तुकड्यात काचेच्या तीन पट्ट्या आणि टोकाला फुटक्या बांगड्या घातल्या. डोळा लावून फिरवलं की आत रांगोळ्याच रांगोळ्या. इथवर ठीक होतं. चौथा नग म्हणजे लग्नातल्या कपाटाचे दोन पुरुषभर उंचीचे आरसे एकाशेजारी एक. आबा बघायला गेले तर दोन्हींच्या मध्ये वरून खाली तीन बिजागऱ्या.

"रतन, ह्या कशापायी?"

"जोड म्हंजे बिजागरी, आबा. आन हा बगा ष्टापर. एक पाख पक्कं हाय, दुसरं काटकोनात उघडून थांबतंय."

"आरं पर आरसा उघडून जायाचं कुठं?"

रतननं बिजागऱ्यांत तेल सोडलं. बिजागऱ्या काही निघणाऱ्या नव्हत्या, कारण त्या त्यानं मनापासून बसवल्या होत्या.

बाग उभी राहिली आणि सल्ले सुरू झाले. पहिली तक्रार सावळारामतात्यांची. कॉलनीच्या तारेपलीकडं त्यांचं ज्वारीचं रान. सकाळचं ऊन झाडावर पडलं की चाळीस कवडसे तात्यांच्या पडवीत नाचायचे. "जोती, माझ्या दाढीच्या टायमाला डोळ्यात बॅटऱ्या मारतूस व्हय रं?" म्हणून तात्या भांडून गेले. तिसऱ्या दिवशी परत आले, ते गोड आवाजात. कवडशांना भिऊन कणसांवरची पाखरं पार नाहीशी झाली होती. "ते झाड जरा माज्या रानाकडं वळव की. पाखरं राखायला माणूस मिळत न्हाय आजकाल." आबा नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी झाड आपोआप रानाकडं वळलेलं होतं. त्याबरोबर उरलेले कवडसे शेजारच्या शकुबाईंच्या स्वयंपाकघरात शिरले.

शकुबाई म्हणजे कॉलनीचं वास्तुशास्त्र. त्यांनी कमरेवर हात ठेवून सांगितलं, "आरशाला नजर लागती, अन् आरशाची बी लागती." आणि झाडाच्या मधल्या फांदीला त्यांनी लिंबू-मिरची अन् एक काळी बाहुली बांधली. एका बाहुलीच्या चाळीस आरशांत चाळीस झाल्या. संध्याकाळी फिरायला आलेले एक पेन्शनर गृहस्थ चप्पल सोडून पळाले ते दुसऱ्या दिवशी चप्पल न्यायलाही आले नाहीत, नातवाला पाठवलं.

आबांच्या स्वाभिमानाचं तर विचारूच नका. रिक्षावाले थांबून भांग पाडायचे आणि वर म्हणायचे, "आबा, एक कात्री पण ठिवा की हितं." अनितामॅडम पोत्याच्या पत्र्यासमोर एकदा उभ्या राहिल्या आणि तडक म्हणाल्या, "हा सदोष आहे, बदलून घ्या." ज्या डायव्हरनं एकतीस वर्षांत गाडीला ओरखडा येऊ दिला नव्हता, त्याला आता कॉलनीतली पोरं 'सलूनवाले आबा' म्हणत होती. तेही आबांनी गिळलं असतं. पण जिच्यासाठी हे सगळं मांडलं, ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला तयार नव्हती.

रोज संध्याकाळी ते म्हणायचे, "कोशे, यिऊन तर बघ."

"माझं एक वाकडं पुरं हाय. तुमच्या चार वाकड्यांचं मी काय करू?"

आबा चहा संपवून फडकं उचलायचे. एक गोष्ट मात्र त्यांनी पोटात ठेवली होती. आरसे पुसायच्या निमित्तानं ते झाडापाशी उभे राहायचे, घराकडं पाठ करून, आणि एसटीच्या एका जुन्या आरशात त्यांना आपली खिडकी दिसायची. पडद्याला रोज त्याच वेळी बोटभर फट पडायची. फटीत कोशीच्या नाकातली चमकी लुकलुकायची. ह्यांना मागचं दिसतं हे बाईंना चाळीस वर्षं ठाऊक होतं, पण त्या विसरल्या होत्या. आबांनी तो एक आरसा दिवसातून पाच वेळा पुसला.

उद्घाटन रथसप्तमीला ठरलं. सूर्याचा दिवस, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाचाही शेवटचा दिवस, तेव्हा बायका बागेतच जमतील, असं अनितामॅडमचं गणित. पाटीही झाली. आबांनी सांगितलं होतं, 'उद्घाटक : सौ. कोशी जोतीराम.' मॅडमनी आधार कार्डाप्रमाणे नाव मागितलं. आबा म्हणाले, "मॅडम, त्यो 'न' मी कवाच उतरवलाय. आता परत घ्यायचा न्हाय." त्यांचा आवाज असा काही लागला की मॅडमनी पहिल्यांदाच दुसरा प्रश्न विचारला नाही. आता पाटी रतनकडून रंगवून आली, तर सगळी अक्षरं उलटी. रतन म्हणाला, "अँब्युलन्सवर असतंय की तसंच. आरशांची बाग म्हंजे पाटी आरशातच वाचत्याल." त्यामुळं उद्घाटक कोण हे वाचायला प्रत्येकाला पाटीकडं पाठ करून उभं राहावं लागत होतं.

आणि उद्घाटक घरातच. आबा सफारी घालून आत गेले. "कोशे, चल. बायका खोळंबल्यात."

नकोशीबाई चुलीपुढच्या नव्हे, गॅसपुढच्या स्टुलावर बसल्या होत्या. अंगावर नवं लुगडं होतं. आबांनी आनंदानं हात पुढं केला. पण बाई म्हणाल्या, "नेसून बघितलं नुसतं. माज्याच्यानं न्हाय व्हायाचं, अवं. समद्या तोंडाकडंच बघत्यात. बोलत न्हाईत, पर बघत्यात. तुमी जावा."

आबा बाहेर आले. बायका म्हणाल्या, "वहिनी येतायत ना?" आबा म्हणाले, "यील, यील," आणि काहीतरी करायचं म्हणून कपाटाच्या आरशांवर उद्घाटनासाठी टाकलेला पडदा सोडायला स्टुलावर चढले.

त्याच वेळी तात्या आले, ते एकटे नव्हे. पाखरं गेल्याच्या आनंदात त्यांनी आपला एडका, बादशा, गुलाल लावून, गळ्यात घंटा बांधून मिरवायला आणला होता. आबांनी पडदा ओढला. पडदा पडला आणि बादशाला समोर एक एडका दिसला. तोही गुलाल लावलेला. तोही याच्याकडंच रोखून बघणारा.

बादशा चार पावलं मागं सरला. समोरचाही सरला. बादशानं पाय आपटला. समोरच्यानंही आपटला. एवढा उद्धटपणा बादशानं जन्मात सहन केला नव्हता. पण हा गडी तात्यांच्या तालमीतला, समोरून न जाता तो आरशाच्या मागं धावला, चोराला पाठीमागून गाठायला. मागं कुणीच नाही! पळपुट्याचा असा राग आला त्याला, की त्यानं आरशामागच्या प्लायवूडलाच धडक दिली. रतनचं फाटक मग फाटकासारखं वागलं. दुसऱ्या आरशाचं सुटं पाख गर्रकन पुढं आलं, स्टुलाला लागलं, आबा त्या परवानगीच्या बाकड्यावर आदळले, आणि आरसा बरोबर काटकोनात, ष्टापरला जाऊन थांबला. तडा म्हणून गेला नाही.

"आय्योव!" करून बायका पांगल्या. तात्या 'बादशा, बादशा' म्हणत लोखंडी झाडामागं उभे राहिले. बादशा वळसा घालून आला आणि आता त्याला सफारीतले आबा दिसले. आबांचा गुडघा फुटला होता, उठता येईना. बादशा पावलं मोजत मागं सरायला लागला.

"हुर्रऽऽ! च्यॅक च्यॅक! थांब मुडद्या!"

असा आवाज कॉलनीनं कधी ऐकला नव्हता. तो वरकुट्याच्या माळावरचा आवाज होता. नकोशीबाई अनवाणी धावत आल्या, पदर खांद्यावरून उडालेला, आणि त्यांनी बादशाचं शिंग पकडून मान अशी वळवली की तो धटिंगण गडी शेळीसारखा गप झाला. "तात्या, धरा तुमचा ह्यो बादशा! अन् झाडामागनं बाहीर या!" मग त्या आबांकडं वळल्या. "लागलं का वं? कुठं लागलं?"

आणि मग त्या थबकल्या. काटकोनात उघडलेल्या दोन आरशांच्या बरोबर समोर त्या उभ्या होत्या.

अशा कोपऱ्यात माणूस उलटा दिसत नाही, सुलटा दिसतो. लोकांना दिसतो तसा. हे आबांनाही माहीत नव्हतं, रतनला तर नव्हतंच. नकोशीबाईंनी सात महिन्यांनी स्वतःला पाहिलं आणि सवयीनं आरशात बघून वाकडा कोपरा झाकायला पदर ओढला. तर झाकला गेला चांगला गाल. त्या गडबडल्या, पदर दुसरीकडं न्यायला गेल्या, आरशातली बाई भलतीकडंच गेली. तिसऱ्यांदा पदर नाकावर आला.

"अगं बया," त्या म्हणाल्या, "माजी चमकी तिकडं कशी गेली?"

"ती तिकडंच हाय," आबा बाकड्यावरून म्हणाले. "मला चाळीस वर्सं तिकडंच दिसतीया."

बाईंनी पुन्हा पदर धरायचा प्रयत्न केला, पुन्हा चुकला, आणि त्यांना हसू फुटलं. जत्रेतलं हसू. आबांनी ऐकलं आणि त्यांना गुडघ्याचा विसर पडला. आरशातलं हसू उजवीकडं थोडं उतरतं होतं, आणि बाई ते हसता हसता बघत होत्या.

"मी अशी दिसती व्हय तुमाला?"

"रोज."

"अन् बोलला न्हाईत?"

"काय बोलायचं त्यात? झ्याक दिसतीस." आबांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला पदरही नव्हता.

शकुबाई पुढं आल्या, हळदीकुंकवाची कुयरी हातात. त्यांनी बाईंना कुंकू लावलं, बाईंनी आरशात बघून ते बोटानं नीट करायला घेतलं आणि पार कानाकडं नेलं. मग प्रत्येकीला तेच करून बघायचं होतं. पाच मिनिटांत कॉलनीतल्या झाडून सगळ्या बायकांची कुंकवं वाकडी झाली, अनितामॅडमसकट. उद्घाटन झालं ते हेच. फीत कापायची राहूनच गेली.

नकोशीबाई घरात जाऊन हळद आणि एक फडकं घेऊन आल्या आणि आबांचा गुडघा बांधायला बसल्या. आबांनी खाली पाहिलं. फडकं म्हणजे तो हिरवा टॉवेल होता. आबा त्याच्याकडं बघत राहिले.

"काय बगताय? हाताला त्योच घावला," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात आबांच्या खिशातला फोन वाजला. सूरजचा व्हिडिओ कॉल. आबांनी सवयीनं फोन आडवा करून पुढं केला. बाईंनी तो घेतला, उभा केला, आणि तोंडासमोर धरला.

पलीकडं छकुलीनं फोनला नाकच लावलं. मग म्हणाली, "आजी, आज पंखा नाही?"

"न्हाय गं बाळा," नकोशीबाई हसत म्हणाल्या, "आज लाईट गेलीया."